मौनी मायची उजवी बाजू

मौन ही वाणीची सर्वोच्च साधना मानली जाते. ती साधली की माणूस स्थिर होतो, चेहऱ्यावर अलिप्त भाव येतो, अन्नावरची वासना उडते आणि डोळ्यांतून आपोआप पाणी वाहू लागतं. ही सगळी लक्षणं मी वर्षानुवर्षं जवळून पाहत आले आहे. माझ्या पाहण्यात तरी ती गालाच्या नसेमुळे आलेली होती.

मी सुया टोचते. मूळची फिजिओथेरपिस्ट, ॲक्युपंक्चर नंतर शिकले. घर आणि मुख्य दवाखाना अमरावतीत, आठवड्यातले दोन दिवस अकोल्याला. आमच्या धंद्यात भारदस्तपणाची टंचाई नाही. भिंतीवर माणसाचं चित्र असतं, त्याच्या अंगभर एसटीच्या मार्गांसारख्या रेघा, आणि प्रत्येक थांब्याला एक चिनी नाव. आमचे शिकवणारे सर ‘ऊर्जा’ हा शब्द उच्चारताना डोळे मिटत. ऊर्जा मी अजून पाहिलेली नाही. वायरमनलाही ती दिसत नाही, पण त्याला निदान झटका बसतो. ठरावीक जागी बारीक सुई टोचली की काही माणसांचं काही दुखणं कमी होतं आणि काहींचं होत नाही, एवढंच मला माहीत आहे. कोणाचं होईल हे आधी सांगता आलं असतं, तर मी ज्योतिषाचाच दवाखाना काढला असता.

चेहऱ्याच्या नसेचं दुखणं बाहेरच्या माणसाला समजावणं अवघड आहे, कारण बाहेरून काहीच दिसत नाही. कानाच्या पुढून एक नस निघते. तिची एक फांदी कपाळाकडे जाते, दुसरी गालाकडे, तिसरी जबड्याकडे. ती बिघडली की गालातून वीज गेल्यासारखी कळ येते, क्षणभर टिकते आणि जाते. पुन्हा केव्हा येईल याचा नेम नसतो. बोललं की येते, घास चावला की येते, तोंड धुतलं की, नुसती वाऱ्याची झुळूक लागली की येते. म्हणून माणूस बोलत नाही, खात नाही, तोंड धूत नाही. अमरावतीचे एक निवृत्त मुख्याध्यापक माझ्याकडे यायचे. त्यांनी डाव्या गालाला वस्तरा लावणंच सोडलं होतं, आणि उजवा गाल मात्र रोज तुळतुळीत करायचे. रस्त्याच्या एका कडेनं जाणारे त्यांना साधू समजून नमस्कार करत, दुसऱ्या कडेचे मुख्याध्यापक समजून.

अकोल्याला या रोग्यांचा दिवस ठरलेला आहे. त्या दिवशी बाहेरच्या खोलीतला पंखा बंद ठेवावा लागतो. अकोल्याचा मे महिना आणि बंद पंखा, म्हणजे काय ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. भिंतीला टेकून माणसं बसलेली, सगळ्यांचे चेहरे दगडी. कोणी कोणाशी बोलत नाही. घाम हनुवटीवरून टपकतो, पण पुसत कोणी नाही. एखाद्याच्या एकाच डोळ्यातून पाणी येतं. एकदा कुरिअरवाला दारातून आत आला, ही बैठक पाहून त्यानं चपला काढल्या, हात जोडले आणि पाकीट तसंच घेऊन परत गेला. कोणीतरी गेलंय असं त्याला वाटलं.

रोगी आत आला की मी पहिल्यांदा विचारते, कुठे दुखतं? दाढ दुखणारा माणूस तळहात गालावर दाबून दाखवतो. नसेचा रोगी बोट वर नेतो आणि गालापासून वीतभर अंतरावर थांबवतो. त्याचं बोट गालाला लागत नाही. स्कॅन काय सांगायचं ते सांगतोच, पण ते हवेत थांबलेलं बोट मला अजून खोटं ठरलेलं आढळलं नाही.

मग सुयांच्या जागा निवडायच्या. नवखा माणूस थेट दुखऱ्या गालात सुई घालतो आणि रोगी खुर्चीसकट उडतो. जिथे बोटसुद्धा थांबतं तिथे सुई कशी जाणार? म्हणून सुरुवात लांबून करायची. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधला उंचवटा चेहऱ्यासाठी चांगला. दुखणं उजवीकडे असेल तर हात डावा घ्यायचा. पायाच्या बोटांच्या बेचक्यातल्या जागा घ्यायच्या. मग निरोगी गालावर, दुखऱ्या जागेच्या बरोबर समोरासमोर. रोगी म्हणतो, दुखतंय इकडे आणि तुम्ही टोचताय तिकडे. खरं आहे. घराचा पुढचा दरवाजा आतून लावलेला असला की मागून जावं लागतं. कळ जरा मवाळली की शेवटी कानापुढची, गालाच्या हाडाखालची ती खोलगट जागा घ्यायची, अगदी उथळ. आणि हे सगळं चालू असताना मेंदूच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद करायच्या नाहीत, ही माझी अट असते.

कमलाबाईंच्या गोळ्या बंद केलेल्या होत्या. ते मला त्यांच्या सुनेनं सांगितलं.

सून म्हणजे वर्षा. पातूरकडच्या एका गावाहून अकोल्याला आली होती, सोबत कोणी नव्हतं. घरची भाजीची आणि फुलांची शेती. तिची सासू कमलाबाई अकोल्याच्या बाजारात भाजी विकायची.

“तिचा आवाज कसा होता सांगू मॅडम? वांगे अकोल्यात विकत होती, पन भाव पातुरात कळत होता,” वर्षा म्हणाली. “आता सात-आठ महिने झाले, एक शब्द नाई. खात नाई. दुधात नळी घालून थोडंसं पेते. हाडं दिसून राहिले.”

“डॉक्टरांना दाखवलं?”

“दाखवलं ना. आधी दातवाल्यानं दाढा काढल्या. मंग मोठ्या डॉक्टरनं नसेचं सांगितलं, गोळ्या देल्या. पन मामंजीनं बंद केल्या. म्हने देवाच्या कामात गोळ्या चालत नाई.”

मामंजी म्हणजे चुलत सासरे, कमलाबाईंचे दीर, बबनराव. देवाचं काम म्हणजे काय, ते मला त्यांच्या गावी जाईपर्यंत नीट कळलं नाही.

जिनं जन्मभर बाजार दणाणून सोडला ती बाई एका सकाळी गप्प झाली, हा गावाच्या दृष्टीने चमत्कार होता. दुसरी एखादी मितभाषी बाई गप्प झाली असती तर कोणी विचारलंही नसतं. कमलाबाई पदर उजव्या गालावर ओढून, भिंतीला टेकून, न हलता बसायच्या. अन्न नको, कोणाशी बोलणं नको, एका डोळ्यातून धार. आधी शेजारणी बघायला आल्या. मग त्यांनी पाया पडायला सुरुवात केली. मग बबनरावांनी वखारीचं शेड साफ करून घेतलं, गादी टाकली, मागे पडदा लावला. आता शेजारच्या गावांतूनही लोक येत होते. कमलाबाईंचं नाव ‘मौनी माय’ झालं होतं.

मी गेले ती दुपार होती. टिनाच्या शेडमध्ये शंभरेक माणसं बसली असतील, आणि त्यांत बायाच जास्त. पंखे होते, पण बंद. मायला वारा चालत नाही, हे त्यांनी पाहून ठेवलं होतं. त्या उकाड्यात कोणीही बोलत नव्हतं. लेकरंसुद्धा नाहीत. प्रत्येक बाईनं पदर उजव्या गालावरून ओढून घेतला होता. पुरुषांनी दुपट्टे तसेच घेतले होते. अर्ध्या चेहऱ्यांची एवढी माणसं मी आयुष्यात एकत्र पाहिली नव्हती, आणि माझा तर धंदाच अर्ध्या चेहऱ्यांचा.

समोर गादीवर त्या होत्या. मी बघत असतानाच त्यांना कळ आली. मला ती दिसली, कारण मला सवय आहे: पापणी लवते, श्वास थांबतो, मान तिथल्या तिथे गोठते. त्यांचा उजवा हात वर गेला. आणि त्याच क्षणी शेडमधले सगळे हात वर गेले. एकाच वेळी शेकडो बांगड्या किणकिणल्या, तेवढाच आवाज. मग पुन्हा शांत. सगळ्यांचे तळहात गालावर दाबलेले. फक्त कमलाबाईंचं बोट गालापासून वीतभर दूर थांबलेलं.

माझ्या अंगावर काटा आला, हे मी कबूल करते. निदानही तिथेच झालं, हेही खरं.

बबनराव मला पडद्यामागे घेऊन गेले. पांढराशुभ्र सदरा, बोलणं नम्र.

“मॅडम, तुमी आल्या, बरं केलं. पन मायच्या आंगाले सुई टोचनं बरं नाई दिसत.”

“त्या उपाशी आहेत, बबनराव.”

“उपास हाय थो.”

“उपास असता तं आत्यानं साबुदाना तरी खाल्ला असता,” सासूला आत्या म्हणणारी वर्षा मागून म्हणाली.

“तू गप वं. पुढच्या महिन्यात भंडारा हाय. मोठे मोठे लोक येऊन राहिले. थे झालं का पाहू.”

“पुढच्या महिन्यापर्यंत त्या राहणार नाहीत,” मी म्हणाले. मी सहसा असं बोलत नाही. पण त्यांचं मनगट मी पाहिलं होतं. बांगडी कोपरापर्यंत सरकत होती.

तेवढ्यात कमलाबाई पडद्याआड आल्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझा हात धरला. त्या इतक्या अशक्त होत्या की उभं राहायला भिंत लागत होती, पण ती पकड सोडवता येईना. त्या काही बोलल्या नाहीत, कारण तोंड हलवायची सोय नव्हती. बबनरावांनी दोनदा “वहिनी, सोडा” म्हटलं. त्यांनी सोडलं नाही. पडद्याच्या पलीकडे शंभर माणसं गप्प बसलेली, अलीकडे आम्ही चौघं गप्प. मौनात मोठी शक्ती असते म्हणतात, ती मी त्या दिवशी मनगटावर अनुभवली.

शेवटी बबनरावांनीच तोड काढली. पूजा म्हणावं. लोकांना सांगायचं, अमरावतीहून बाई आल्यात, मायची सुईपूजा करून राहिल्यात. मी नास्तिक आहे, पण रोग्यासाठी मी याआधी वरातीतही सुया टोचलेल्या आहेत. मी माझी अट घातली, गोळ्या आजच सुरू. बबनराव म्हणाले, “तीर्थातून द्या.” मी म्हटलं, कशातूनही द्या, पोटात गेल्याशी कारण.

पहिल्या दिवशी उजव्या गालाकडे मी गेलेच नाही. डावा हात, दोन्ही पाय, आणि डाव्या गालावर एकच सुई. त्या डोळे मिटून पडून राहिल्या. बाहेरून उदबत्तीचा धूर पडद्याच्या फटीतून येत होता आणि अधूनमधून, त्यांची मान गोठली की, बांगड्यांचा तो आवाज. मला प्रश्न पडला. मध्ये पडदा होता. बाहेरच्यांना कळ आलेली कशी समजत होती?

मी पुढच्या आठवड्यात गेले, त्याच्या पुढच्या आठवड्यातही. मी चिकित्सक बाई आहे, म्हणून पाहत राहिले. कमलाबाई कण्हत नव्हत्या. पडदा हलत नव्हता. कदाचित पडद्यावर सावली पडत असेल म्हणून मी खिडकीची फळी लावून घेतली, तरी फरक पडला नाही. याला काहीतरी साधं कारण असणार. मला ते सापडलं नाही, आणि मी ते सापडल्याचं सोंगही करत नाही.

हळूहळू कळा विरळ झाल्या. एका दुपारी मी कानापुढच्या जागेवर पहिल्यांदा सुई ठेवली. कमलाबाईंनी श्वास रोखला, मीही रोखला. काही झालं नाही. सुया काढल्यावर वर्षानं दुधात कुस्करलेली भाकर पुढे केली. त्यांनी एक घास तोंडात घेतला, तो किती तरी वेळ नुसता धरून ठेवला, आणि मग चावला. पुन्हा चावला. आम्ही दोघी त्यांच्या जबड्याकडे असं बघत होतो जसं लोक मतमोजणीकडे बघतात.

आणि बाहेर बांगड्या वाजल्या.

कमलाबाई चावायच्या थांबल्या. त्यांना कळ आलेली नव्हती. मी त्यांच्याकडेच पाहत होते, काहीही आलेलं नव्हतं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि त्या बोलल्या. इतक्या महिन्यांनंतरचा आवाज, गंजलेल्या कडीसारखा.

“मले तं काई झालं नाई. मंग थे काहून हात लावून राहिले?”

मी सुयांची डबी बंद केली.

“डॉक्टरीनबाई,” त्या आणखी हळू म्हणाल्या, “माही कळ त्यायले तं नाई लागली?”

“नाही हो. असं नसतं,” मी म्हणाले. पाठ्यपुस्तकातही असं नसतं. तरी मी उठून पडद्याची कड बाजूला केली. पहिला हात कोण वर नेतं, ते मला पकडायचं होतं. जांभईसारखं असणार, एकाचं पाहून दुसरा. थोड्या वेळानं पुन्हा हात वर गेले. पहिला असा कोणीच नव्हता. वाऱ्यानं ज्वारी झुकावी तसे सगळे एकदम. तळहात गालांवर, डोळे मिटलेले.

फक्त मागच्या खांबाजवळ एका म्हाताऱ्याचा हात गालापर्यंत पोचला नाही. वीतभर अलीकडे थांबला.

मी शेडच्या बाजूनं धावतच मागे गेले. चपला, माणसं, पुन्हा चपला ओलांडत खांबापाशी पोचले, तोवर तिथे कोणी नव्हतं. जमिनीवर बसल्याची खूण होती. आजूबाजूच्या बायांना विचारलं, इथे म्हातारेबुवा होते ते कुठले? त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं आणि पुन्हा डोळे मिटले. नंतर वर्षानं गावात चौकशी केली. असा कोणी गावचा नाही. शंभर खोट्या रोग्यांत एक खरा बसला होता, आणि तो बरं व्हायला नव्हे, तर पाया पडायला आला होता. माझ्या कामात हुकलेली माणसं बरीच आहेत. रुखरुख त्या एकाची आहे.

भंडाऱ्याच्या आधी कमलाबाईंनी मायचं पांढरं लुगडं सोडून रोजचं पातळ नेसलं. बबनराव हात जोडून समोर उभे राहिले, असं वर्षा सांगते.

“वहिनी, एवढा भंडारा होऊ द्या. नुसतं बसा. बोलू नका.”

“भाऊजी,” कमलाबाई म्हणाल्या, “मी आठ महिने बसली. तुमाले वाटलं मी देव झाली. मले वाटलं मी मरून राहिली. कोनी इचारलं नाई.”

बबनरावांना भंडारा तर करायचाच होता. गादीवर त्यांनी आपल्या बायकोला बसवलं. पदर तसाच, उजव्या गालावरून. बाहेरगावच्या लोकांनी चेहरा कधी पुरता पाहिलाच नव्हता, आवाज तर ऐकलाच नव्हता. भंडारा उत्तम झाला. मोठे लोक आले आणि त्यांनीही गालाला हात लावला.

कमलाबाईंना बरं कशानं वाटलं, हे मला अनेकांनी विचारलं. गोळ्यांनी असेल. सुयांनी असेल. हे दुखणं कधी कधी आपणहून काही काळ रजेवर जातं, तसंही असेल. गावात श्रेय सुईपूजेला मिळालं. आता दोन-तीन गावांतून मला पूजेचं बोलावणं येतं, त्यांना मी अकोल्याचा पत्ता देते.

कमलाबाई अजून महिन्यातून एकदा अकोल्याला येतात. त्या आल्या की बाहेरच्या खोलीतली दगडी माणसं दचकून भिंतीला आणखी टेकतात, कारण आवाज परत आलेला आहे. बाजारात बसणं आता झेपत नाही, म्हणून त्यांनी गावातच दुकान लावलं आहे. फुलं घरचीच. दुकान शेडच्या फाटकाला लागून आहे, कारण गिऱ्हाईक तिथेच असतं.

“तुम्हाला काही वाटत नाही?” परवा त्यांच्या हातात सुई ठेवता ठेवता मी विचारलं. “आत तुमच्या नावानं जाऊ बसलेली.”

“बसो ना. तिचं काय दुखते? मजेत जेवते थे.” मग जरा थांबून म्हणाल्या, “एका बाईले मी सांगतलं वं, का अवं, थे मीच होती. तं थे मले म्हने, हो माय, थे सगळ्यातच असते. अन् माह्याच पाया पडून आत गेली.”

“मग?”

“मंग काय. मी आपली हार घ्या, हार घ्या करून राहिली होती, तं एक जन आला. चांगला शर्ट-पँटवाला, तुमच्या अमरावतीकडचा. तोंडावर बोट ठेवून मले म्हन्ते, बाई, हळू बोल, आत माय मौनात हाय.”

“आणि तुम्ही काय केलंत?”

“हळू बोलली.”

त्याने दोन हार घेतले.